फिल्मच्या कडेची बोटं

ताईंवर अन्याय झाला तो गेल्या तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, अकोल्यातल्या ज्या खासगी सेंटरमध्ये त्या एक्स-रे काढायच्या, त्याच्याच दारात. ‘मशीनची चकती परत बसवा’ एवढंच त्या म्हणाल्या होत्या. मालकाने त्यांना आतसुद्धा घेतलं नाही. ताईंचं नाव लिहीत नाही, त्यांनीच बजावलंय.

“हालू नोको बापा, हाडाले राग येते,” हे त्यांचं रोजचं वाक्य. टेबलावर सरपंच असो की तान्हं पोर, सगळे बापाच. मी त्यांच्या शेजारची. पत्रकं वाटताना पाय मुरगळून तिथे गेले, तर म्हणाल्या, “मोर्चात लय बोलतं ना? आता जराशी गप्प राय.”

आमच्याकडे लेकराचा एक्स-रे म्हणजे अख्खं घर येतं. मशीन सुरू करायची वेळ आली की आई गरोदर निघते, बापाला घाम फुटतो, आजी दाराबाहेर. मग रडतं पोर धरायचं कोणी? ताईंनी. उघड्या हातांनी. शिशाचे हातमोजे सेंटरने कधी आणलेच नाहीत.

मशीन जुनं झालं, फोटो फिके यायला लागले. दुरुस्तीवाल्याने नळीच्या तोंडावरची ॲल्युमिनियमची चकती काढून टाकली. फोटोत जोर आला. खुशीत ताईंनीच सगळ्यांना चहा पाजला.

ती चकती म्हणजे चाळणी होती. नळीतून जोरदार किरण निघतात, तसे कमजोरही. जोरदार आरपार जातात आणि फोटो काढतात. कमजोर बहुतेक कातडीतच मुरतात. चाळणी काढली की किरण वाढतात, पण वाढतात ते मुख्यतः हेच. खरा जोर हवा तर विजेचा दाब वाढवायचा. तो त्या नळीला सोसत नव्हता. मालकाला नवी नळी नको होती.

ताईंची नखं काळी पडली. बोटांना भेगा पडल्या. “आतून कोनी खाजवून राह्यलं असं वाटते,” त्या म्हणायच्या. एकदा माझ्यासमोर त्यांनी गॅसवरचा तवा तसाच उचलला. चटका जाणवलाच नाही. कातडी जळाल्याचा वास मात्र घरभर आला.

दुसऱ्या एका इंजिनिअरकडून चकतीचं कळलं, तेव्हा त्या बोलल्या आणि कामावरून काढल्या गेल्या. अमरावतीला मुलीकडे राहून उपचार घेतले. तिथे उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. मालक म्हणतो, “ती बाई पोरं धरतच नव्हती.”

मी भाच्याची त्याच सेंटरमधली जुनी फिल्म खिडकीशी धरली. इवल्याशा बरगड्या, आणि कडेने आत आलेली मोठ्या माणसाची बोटं. नुसती हाडं. करंगळी मोडून वाकडी जुळलेली, ताईंचीच.

अमरावतीला जाऊन त्यांना दाखवली. “हे काय, इथं हायेतच की,” म्हणाल्या, आणि उरलेल्या बोटांनी फिल्मवरची ती दोन बोटं हळूहळू चाचपत बसल्या.

अकोल्यात, बार्शीटाकळीत, तुमच्या गादीखाली, कपाटावर अशा फिल्म पडून आहेत. मशीन आजही चकतीशिवाय चालू आहे. त्या सेंटरमध्ये तुमचं लेकरू नेलं असेल, तर आज ती फिल्म काढा. उजेडाशी धरा. कडेला बोटं दिसली तर घाबरू नका, आणि परत ठेवूनही देऊ नका. आम्हाला आणून द्या. मालकापुढे मांडायची आहेत.