नऊ वर्षांची सुनावणी

कोर्टाबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करून देणाऱ्या बाईंना सगळे टायपिस्टबाईच म्हणत. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. पण इमारतीत चाळीस बिऱ्हाडं होती. संध्याकाळचा चहा एकटीनं घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मग मालकानं इमारत विकली. सहा महिन्यांत चाळीस बिऱ्हाडं चाळीस वाटांना पांगली. बाई शहराच्या पार टोकाला, धाकट्या बहिणीकडे गेल्या.

हयात दुसऱ्यांचे अर्ज लिहिण्यात गेलेली. आता त्यांनी स्वतःचा लिहिला, महापालिकेला. नव्या प्रत्येक इमारतीत पाचातलं एक घर कमी भाड्याचं असावं असा नियम करा, आणि अशी घरं बांधायला दरवर्षी अंदाजपत्रकात वेगळा निधी ठेवा. अंदाजपत्रकावर दरवर्षी सुनावणी होई, तिथं नागरिकांना बोलता येई. पहिल्या सुनावणीला जुने शेजारी तीसेक आले. दुसऱ्या वर्षी नऊ. पुढे जुन्या इमारतीतले शिंपीकाका आणि त्या. काकांचे गुडघे गेले, तेव्हा बाई एकट्याच.

"ताई, तुझ्या एकटीच्या बोलण्यानं काय होणार गं?" बहीण म्हणायची.

"काही नाही. पण मी गेले नाही तर त्यांना वाटेल, सगळ्यांना घरं मिळाली."

बोलायला तीन मिनिटं मिळत. सदस्य मोबाइलमध्ये डोकं घालून बसत. सातव्या वर्षी एका नव्या सदस्यबाईंनी मान वर केली आणि अर्ज मागून घेतला. नवव्या वर्षी नियम मंजूर झाला. हात वर झाले तेव्हा प्रेक्षकांच्या बाकांवर बाईंशिवाय चिटपाखरू नव्हतं.

"झालं का हो तुमचं?" दाराशी शिपायानं विचारलं. "झालं," बाई म्हणाल्या.

बाहेर येऊन त्यांनी शिंपीकाकांना फोन लावला. सुनेनं उचलला.

"ते गेले की मार्चमध्ये. तुम्हाला कुणी कळवलं नाही?"

दोन वर्षांनी कमी भाड्याच्या घरांच्या सोडतीत बाईंना खोली लागली. जुन्यांपैकी कुणी अर्जच केला नव्हता. मुलांच्या शाळा, कामं, सगळ्यांचं बस्तान लांब बसलेलं. पहिल्याच आठवड्यात बाईंनी उगाचच शेजारचं दार वाजवलं.

"काय हवंय?"

"पाणी येतंय ना तुमच्याकडे?"

"येतंय," म्हणून दार लागलं.

पुढच्या अंदाजपत्रकात निधीला कात्री लागली. बाईंनी सुनावणीची तारीख मजल्यावरच्या आठही दारांवर लिहून चिकटवली. त्या दिवशी जिन्यापाशी अर्धा तास वाट पाहिली. मग बस चुकेल म्हणून एकट्याच निघाल्या.