लग्नपत्रिकांचं तोरण

वहिनी जेवणाच्या टेबलावर जुन्या लग्नपत्रिका पसरून बसली होती. प्रत्येक पत्रिकेवरचा गणपती तिने आधी अलगद सोडवून डब्यात ठेवला, कारण गणपतीवर कात्री चालवायची नाही. मग उरलेल्या लाल-सोनेरी कागदाच्या पाकळ्या कापल्या, त्यांची फुलं चिकटवली आणि जुन्या स्वेटरच्या लोकरीत ओवली.

"तुझ्या हातात कला आहे गं," मी म्हणाले. ही आपली ठरलेली दाद. घरात अडकलेल्या बाईला ती दिली की आपण मोकळे.

मग पत्रिकांवरची नावं दिसली. मावसभावाची मुलगी, समोरच्या घरातला मुलगा. माझी आई अंथरुणाला खिळल्यापासून यातल्या एकाही लग्नाला वहिनीला जाता आलं नव्हतं. तिथे वराती निघाल्या, पंगती उठल्या, आणि इथे त्यांच्या आमंत्रणांची फुलं होत राहिली. ज्याला जगात जाता येत नाही, तो बहुधा असंच जग कातरून घरात आणत असावा.

तेवढ्यात वहिनीने स्टुलावर चढून तोरण दाराला बांधलं, तेही आतल्या बाजूने.

"अगं वहिनी, तोरण बाहेरून लावतात. येणाऱ्याला दिसायला नको?"

"येणारे येतात नि जातात, वन्सं," गाठ आवळत ती म्हणाली. "या दाराकडे दिवसभर बघत असते ती मी."

आतून आईने हाक मारली, वहिनीलाच. माझ्या बसची वेळ झाली होती. मी त्या तोरणाखालून बाहेर पडले आणि दार ओढून घेतलं. बाहेरून ते अगदी कोरं दिसत होतं.