रोह्याची गोल पाठीची गाडी

माझी फजिती झाली ती गोष्ट मी आजवर दोनच माणसांना सांगितलीय, आणि त्या दोघांनी ती अख्ख्या पेणला सांगितली. मग तुमच्यापासून लपवून तरी काय करू? चहा येईपर्यंत ऐका. फक्त मधे हसू नका, कारण मधे मी खरोखर घाबरलो होतो.

आधी मी कोण ते सांगतो. मी राजन. पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो, त्यातही डोळ्यांची आखणी. हात स्थिर, नजर बारीक. आणि फावल्या वेळात प्लास्टिकच्या छोट्या गाड्या जोडतो. डब्यात शंभरेक तुकडे येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. पन्नाशीतला माणूस खेळण्यातली गाडी जोडत बसतो म्हणून बायको कपाळाला हात लावते. पण आमचा फोनवर एक ग्रुप आहे, अलिबागपासून नागोठण्यापर्यंतची तीसेक माणसं, आणि त्या ग्रुपवर माझा शब्द शेवटचा असायचा.

कशातला शेवटचा? तर जुनी किटं पुन्हा बाजारात येतात, त्यातला. कंपनी काय करते, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा साचा गोदामातून काढते, नवा चकचकीत डबा छापते आणि चौपट किंमत लावते. कधी माल खरंच चांगला निघतो. कधी साचा झिजलेला असतो आणि डब्यातून निघते ती गाडी नाही, साबणाची वडी. साच्यातलं मला कळतं. आमच्याकडेही साचा जुना झाला की मूर्तीच्या नाकाची धार जाते, बोटं एकमेकांना चिकटतात. त्यामुळे नवा डबा आला की ग्रुपवर प्रश्न यायचा, राजनभाऊ, घेण्यासारखं आहे का?

मागल्या वर्षी असाच एक डबा आला. गोल पाठीची जुनी मोटार, पूर्वी गावोगावचे डॉक्टर वापरायचे तसली. किंमत साडेचार हजार. पेणमधल्या खेळण्यांच्या दुकानाचे म्हात्रे माझ्याकडे आले. दहा डबे सांगितले होते त्यांनी, पण अजून ऑर्डर पक्की केली नव्हती.

"राजनशेठ, ठेवू का नाय? तू सांगशील तसा करतो."

मी माझ्यापुरता एक डबा मागवला होता. तुकडे पाहिले आणि मनात आलं, दाराच्या रेघा जरा बोथट आहेत. पण नुसतं वाटून काय उपयोग? खरा निवाडा करायचा तर जुनी, मूळची गाडी शेजारी ठेवून बघायला हवी. आणि ती गाडी आमच्या भागात एकाच माणसाकडे होती. रोह्याचे कारखानीस साहेब. धाटावच्या एका कंपनीत केमिस्ट होते. एका प्रदर्शनात मी त्यांची ती गाडी पाहिली होती. असा हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही.

फोन लावला तर त्यांच्या पत्नीने उचलला. साहेब गेले होते, नऊ महिने झाले होते. मी ओशाळलो, फोन ठेवणार होतो. पण त्यांनीच विचारलं, काय काम होतं? मी चाचरत म्हटलं, ती गोल पाठीची गाडी बघायची होती, आहे का अजून? मग त्या म्हणाल्या, "आहे. टेबलावरच आहे. या तुम्ही."

रविवारी दुपारी एसटीने रोह्याला गेलो. नदीच्या अंगाला जुनं दुमजली घर. वहिनी साठीच्या पुढच्या, बारीक, कमी बोलणाऱ्या. जिना दाखवून म्हणाल्या, वर डावीकडची खोली. मी गुडघ्यांमुळे सारखी चढत नाही, तुम्ही बघून या.

खोलीच्या खिडक्या बंद होत्या. वीज गेलेली. कौलातल्या काचेतून उजेडाचा एक पट्टा बरोबर टेबलावर पडला होता. साहेबांचा चष्मा, चिमटा, ब्रशांचा पेला, सगळं जागच्या जागी. आणि मधोमध ती गाडी, अर्धी जोडलेली. चाकं नाहीत, काचा नाहीत, अंगावर राखाडी रंगाचा पहिला हात. म्हणजे प्रदर्शनातली ही नव्हे, मी मनात म्हटलं, ही त्याच किटाची दुसरी गाडी, साहेबांनी जोडायला घेतलेली आणि राहून गेलेली.

मी माझ्या डब्यातला सांगाडा शेजारी ठेवला, भिंग काढलं, आणि छाती अभिमानाने भरून आली. माझं बरोबर होतं. जुन्या गाडीच्या दाराची रेघ केसासारखी बारीक आणि खोल. नवीची उथळ, मेलेली. मी धडाधड फोटो काढले. निघताना एक गोष्ट जाणवली. खोलीत गोंदाचा वास होता. ताजा. नऊ महिने बंद खोलीत गोंदाचा वास राहतो का? राहत असेल, म्हटलं, आणि खाली आलो.

खाली वहिनींसमोर मी साहेबांच्या हाताचं इतकं कौतुक केलं की काय विचारू नका. असा माणूस पुन्हा होणे नाही, आजकालच्या मालात दम नाही, वगैरे. त्या काही बोलायला तोंड उघडायच्या आणि मी पुढचं वाक्य सुरू करायचो. शेवटी त्या नुसत्या ऐकत बसल्या.

त्याच संध्याकाळी ग्रुपवर निकाल टाकला. फोटोंसकट. जुना माल सोनं, नवा डबा साडेचार हजारांना महाग, कोणीही घेऊ नये. सात जणांनी आपली ऑर्डर रद्द केली. म्हात्र्यांनी दहाच्या दहा डब्यांना नको म्हणून कळवलं.

फक्त गडब गावचा एक जण, नवाच होता ग्रुपवर, त्याने चिकाटीने विचारलं की दाराची मापं घेतलीत का? फोटोत उजेडामुळेही फरक दिसतो. मला राग आला. पण मापं घेतली नव्हती हे खरं. म्हणून तीन आठवड्यांनी पुन्हा रोहा.

पुन्हा तोच जिना, तीच खोली. मी टेबलापाशी गेलो आणि जागच्या जागी थांबलो.

गाडीला चाकं होती.

मी फोन काढून पहिल्या वेळचे फोटो पाहिले. चाकं नाहीत. टेबलावर पाहिलं. चारही चाकं, नीट बसवलेली, पुढची दोन किंचित डावीकडे वळवलेली. साहेबांची सवय होती ती, प्रदर्शनातल्या गाडीचीही चाकं तशीच वळवलेली होती. पेल्यातल्या एका ब्रशला बोट लावलं तर तो ओला लागला.

मापं घ्यायचं राहिलं. खाली येऊन मी शक्य तितक्या सहज विचारलं, वहिनी, वरती कोणी येतं-जातं का? त्या म्हणाल्या, कोण येणार, मुलगी बंगळूरला, मी एकटीच असते घरात. मी चहा न घेता निघालो.

पुढचे पंधरा दिवस माझे कसे गेले ते माझं मला ठाऊक. कारखान्यात एका मूर्तीचा डावा डोळा माझ्याकडून वाकडा आखला गेला. तीस वर्षांत प्रथमच. शेठ म्हणाले, राजन, बरं नाय का तुला? मी काय सांगणार? पण मनातून एकच जात नव्हतं. ती बाई त्या घरात एकटी राहते, आणि वरच्या मजल्यावर काय चाललंय हे तिला माहीतही नाही. गुडघ्यांमुळे ती वर जात नाही. सांगायला हवं. माझ्याशिवाय कोण सांगणार होतं?

म्हणून तिसऱ्यांदा गेलो. वहिनींनी मला ओटीवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेल्या. स्वयंपाकघरातून गॅसचा आवाज येत होता. मी मनात वाक्यं जुळवत बसलो होतो. आणि माझ्या डोक्यावर, अगदी बरोबर त्या टेबलाच्या जागी, खुर्ची सरकली. लाकडी खुर्ची फरशीवर ओढल्याचा आवाज. मग कोणीतरी खोकलं. एकदाच, हळू, घसा साफ केल्यासारखं.

पळावंसं वाटलं, पण पाय उचलेनात. थोड्या वेळाने वहिनी ट्रे घेऊन आतूनच आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. म्हणजे त्यांना ऐकूही आलं नसावं.

मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. वहिनी, घाबरू नका, पण साहेब अजून वर येऊन बसतात. त्यांची गाडी अपुरी राहिलीय, ती ते पुरी करतायत. मी फोनवरचे दोन्ही फोटो दाखवले, चाकं नसलेला आणि चाकं असलेला. पेणमध्ये आमच्या ओळखीचे गुरुजी आहेत म्हटलं, शांत करून घेऊ, सगळं मी बघतो, तुम्ही फक्त हो म्हणा.

वहिनींनी फोटो बराच वेळ पाहिले. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, बसला धक्का. आणि मग माझ्या लक्षात आलं की त्यांचे खांदे हलतायत. ती बाई हसत होती.

"राजनभाऊ," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "ती गाडी मी जोडतेय."

त्या उठल्या आणि कपाटातून एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. नवा, चकचकीत. माझ्याकडे होता अगदी तोच.

हळूहळू सगळं कळलं. हा डबा साहेबांनीच परदेशातून मागवला होता, आपल्या बाजारात यायच्या बराच आधी. तो कुरिअरने आला तेव्हा साहेब जाऊन पाच दिवस झाले होते. चार महिने वहिनींनी तो उघडला नाही. मग एका दुपारी उघडला. तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून चिमटा हातात दिला होता, तेवढ्यावर सुरुवात केली. मागून दुसरा जिना आहे, त्याने त्या रोज थोडा वेळ वर जातात, गुडघे सांभाळत. आज मी आलो तेव्हा गोंदाची ट्यूब उघडी राहिल्याचं आठवलं, म्हणून चहा मंद ठेवून वर जाऊन आल्या. चाकं डावीकडे वळवली ती साहेब वळवायचे म्हणून. आणि जुनी गाडी? ती साहेबांनी आपल्या हाताने भाच्याला दिली होती, दोन वर्षांपूर्वीच.

"पहिल्याच दिवशी सांगणार होते मी. पण तुम्ही ह्यांचं इतकं चांगलं बोलत होतात. मला ते ऐकत राहावंसं वाटलं."

म्हणजे मी भिंग लावून ज्या दोन गाड्यांची तुलना केली, त्या दोन्ही एकाच साच्यातून निघाल्या होत्या. एकाच छापाच्या दोन डब्यांतल्या. माझा जीव त्या रेघेत अडकला होता. पण वहिनी, मी म्हटलं, तुमच्या दाराची रेघ इतकी खोल कशी?

"ती मी सुईने कोरून घेतली," वहिनी म्हणाल्या. "मुळात जरा उथळ होती. दहा मिनिटांचं काम आहे."

मग त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि तो मात्र हसत नव्हे. साडेचार हजार म्हणजे फार झाले का हो? ह्यांनी किंमत मला कधी सांगितली नव्हती, ती तुमच्याच बोलण्यातून कळली. घेण्यासारखी होती का ही गाडी?

आयुष्यात हा प्रश्न मला शंभरदा विचारला गेला असेल. मी त्या डब्याकडे पाहिलं, वहिनींच्या बोटांना लागलेल्या राखाडी रंगाकडे पाहिलं, आणि हो म्हटलं. घेण्यासारखी होती.

निघताना चपला घालता घालता विचारलं, वहिनी, खुर्चीचं कळलं. पण वर गेल्यावर खोकलात का तुम्ही? त्या म्हणाल्या, नाही बा, मी कुठे खोकले? मी पुढे काही विचारलं नाही. एसटीत मात्र खिडकीपासून दूर, दोन माणसांच्या मधे बसलो.

घरी येऊन ग्रुपवर भुताचं सोडून बाकी सगळं लिहिलं. माझा निकाल चुकला, दोन्ही गाड्या नव्याच होत्या, माल चांगला आहे, रेघ तेवढी वहिनींनी केली तशी सुईने कोरून घ्या. मग म्हात्र्यांचा फोन आला. डबे पुन्हा मागवतो म्हणाले. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हात्रे, चूक झाली, पण माझ्यावर विश्वास ठेवलात.

"तसा नाय, राजनशेठ," म्हात्रे म्हणाले. "पुढल्या महिन्यात आणखी दोन किटा यायची हायत. त्या रोह्याच्या बाईंचा नंबर दे."