पंगतीत शिरलेला 'कंट्रोल'

मंडळी, आज वैशाखरे गावी भाचीच्या लग्नात जीव नुसता जळला.

लढाई सुरू झाल्यापासून दुकानातल्या मापून मिळणाऱ्या धान्याला सगळे 'कंट्रोल' म्हणतात, ते एक वेळ ठीक. पण आज भाचीचे वडील, म्हणजे आमचे दाजी, भाताचं पातेलं घेऊन आग्रह करायला निघाले, तर पहिल्याच म्हाताऱ्यानं पानावर हात आडवा धरला.

"नाय रे बाबा, कंट्रोल!"

"माझापण कंट्रोल!" शेजारचा म्हणाला. पंगत हसली. दाजी हसले नाहीत.

त्यांच्या खळ्यावरचं भात सरकारनं लेव्हीत, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीत, नेलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पातेल्याचा तळ दिसू नये म्हणून माणसं अर्धपोटी उठली.

'पोट भरलं' असं खोटं बोलायला कुणाची जीभ वळेना, म्हणून हा परका शब्द. सांगा, भात पिकवणाऱ्याच्या दारातून पाहुण्यांनी असं उठायचं?