हेल्मेट रिकामं नव्हतं

वर्षाचं हेल्मेट बाद झालं. लोणावळ्यातल्या हेल्मेटवाल्याने काल संध्याकाळी आतून तपासून तसं सांगितलं... आणि निमित्त काय, तर एक नारळ!

रविवारी मी आणि माझी बायको वर्षा कार्ल्याला देवीला गेलो होतो. सासूबाईंचं घर खाली गावातच, त्यामुळे त्याही आल्या. गाडीवर हेल्मेट ठेवलं तर माकडं ओढतात, म्हणून वर्षाने ते परडीसारखं हातात धरलं होतं. ओटी भरल्यावर परत मिळालेला नारळ तिने त्यातच ठेवला.

उतरताना सरबत प्यायला थांबलो. कठड्यावर ठेवलेल्या हेल्मेटला कुणाचा तरी कोपर लागला आणि ते नारळासकट खालच्या दगडी पायऱ्यांवर... चांगलं दीड पुरुष खाली, थेट टाळूवर आपटलं.

धावत जाऊन पाहिलं तर हेल्मेटला एक बारीक ओरखडा. नारळाला साधी चीरही नाही. "देवीनं राखलं बगा," सासूबाई म्हणाल्या.

प्रश्न सोमवारचा होता. वर्षा कुसगावहून वराळेच्या कंपनीत रोज स्कूटरने जाते, तीही हायवेच्या ट्रकांमधून. हे हेल्मेट घालायचं की नाही?

मी कुठेतरी वाचलं होतं, की रिकामं हेल्मेट हातातून पडलं तर सहसा फार बिघडत नाही, डोकं आत असताना आपटलं तर मात्र ते टाकून द्यावं. "मग डोकं कुठे होतं आत? बिनधास्त घाल," मी म्हणालो.

"रिकामं कुटं व्हतं, जावईबापू? नारळ व्हता की आत!" सासूबाई म्हणाल्या. "आन् ल्हान पोराच्या डोस्क्याएवडा व्हता."

आम्ही खूप हसलो... आणि मग हसणं थांबलं. सोमवारी वर्षा बसने गेली.

काल हेल्मेटवाल्या दुकानदाराने आतलं कापड काढलं. खालच्या थर्माकोलवर, बरोबर टाळूच्या जागी, वाटीएवढा खळगा!

"दादा, नुसतं पडलं असतं तर नीट बघून वापरा म्हणालो असतो," तो म्हणाला. "पण आत वजन होतं ना... नारळ वाचला म्हणजे याचं काम झालं. हे एकदाच दबतं, परत फुगत नाही."

नारळ शाबूत राहिला म्हणून आम्ही खूश होतो, आणि तीच तर खूण होती! सासूबाईंनी टोकलं नसतं, तर वर्षा तो खळगा डोक्यावर घेऊन हायवेला लागली असती. त्यांचे आभार मानायला फोन केला, तर त्यांचं वेगळंच. "टाकू नका वो ते, मला द्या. कोंबडी खुडूक झालीया, अंड्यांवर बसवाया व्हईल."

पुन्हा कुणी घालू नये म्हणून दुकानदाराने पट्टा कापून दिला. आज सकाळी नवं हेल्मेट घालून कामावर जाताना वर्षाने जुनं कार्ल्याला पोचवलं.

दुपारी फोटो आला. उलटं ठेवलेलं हेल्मेट, आत भुसा, अंडी, आणि वर ऐसपैस बसलेली कोंबडी.

तीनेक आठवड्यांत पिल्लं निघतील म्हणतात...