चौथ्या पायाचा नट

शेवटचं भेटायला गेले तेव्हा अण्णा, माझा थोरला भाऊ, पलंगावर बसून दुधात भाकरी कुस्करत होता. मी म्हटलं, "अण्णा, जीपच्या त्या नटाचं मी आता सगळ्यांना सांगून टाकते." तर हसून म्हणाला, "गप ए. लई जुनं झालं ते." आठ दिवसांनी वहिनींचा फोन आला... त्याला आता दोन महिने होतील. तेव्हा त्यानं मला गप बसवलं, पण आता मी ऐकायची नाही.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. राहुरीजवळच्या आमच्या गावात जीप एकट्या अण्णाकडं होती. भिंगारला मिलिटरीच्या लिलावात घेतलेली, वर पत्र्याचा टप चढवलेला. आत माणसं कोंबली की त्यांची गाठोडी ठेवायला जागा उरत नसे, म्हणून त्यानं मोडीतून एक जुनं लोखंडी कॅरिअर आणलं आणि घरच्या अंगणातच बसवायला घेतलं. टपाच्या कडेच्या पन्हळीवर त्याचे चार पाय धरायचे, बोल्ट घालून नट आवळायचे. मी बाळंतपणाला माहेरी आलेली. ओट्यावर बसून मी फुकटचे सल्ले देत होते. "वाकडं बसतंय रे." "मग ये की वर, पोट घेऊन," तो म्हणायचा. संध्याकाळपर्यंत तीन पाय बसले. चौथ्याच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पायाच्या, बोल्टाचे आटेच गेलेले निघाले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. अण्णा सकाळीच राहुरीला जाऊन नवा बोल्ट घेऊन आला आणि नट नुसता हातानं फिरवून ठेवला. तोवर आईनं त्याची सगळी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडली होती. एकदा पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, असा आमच्या घरचा नेम. आई वहिनींबरोबर चुलीपाशी होती. अण्णानं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच पान्याला हात घातला. म्हणाला, "दोन आटे आवळतो न् ठिवतो परत." मी ओरडले, "खबरदार! माझं पहिलं पोटात गेलंय, अण्णा. ह्याचं काही झालं तर तुझं तोंड बघायची न्हाई." त्यानं पाना खाली ठेवला. आईनं त्याच पायाला झेंडूची माळ बांधली. तो ढिला नट माळेखाली दिसेनासा झाला.

दुपारी माझ्या कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. सुईण म्हणाली, "मूल आडवं हाय, नगरला न्या." अण्णानं जीप काढली. शेजारी वहिनी, मागं मी आणि आई. पाच-सहा मैल गेलो असू, तोच डोक्यावर खडखडाट सुरू झाला. नट गळून पडला होता. कॅरिअर उचलून आपटायला लागलं. निसटलं असतं तर समोरच्या काचेवरच आलं असतं. काढून फेकावं तर बाकीचे तीन पाय घट्ट आवळलेले आणि पाना घरी पाटावर. अण्णानं उतरून उपरण्यानं बांधलं, ते पत्र्याच्या धारेनं मैलभरात कापलं गेलं. मग त्यानं उजवा हात बाहेर काढला, तो पाय मुठीत धरला आणि डाव्या हातानं गाडी हाणली. गिअर टाकायची वेळ आली की ओरडायचा, "धर!" की वहिनी स्टिअरिंग धरायच्या. उभ्या जन्मात त्यांनी सायकलसुद्धा धरली नव्हती! विळद घाटात समोरून ट्रक आला तेव्हा आईनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. अण्णाच्या कोपरावरून रक्त ओघळताना दिसत होतं आणि मला एकच कळत होतं, हे मी केलंय.

मुलगी जगली. मीही. नर्सबाईंनी अण्णाची मूठ एकेक बोट करून उघडली. आईनं विचारलं, "आरं, नट आवळला न्हवता व्हय?" माझ्याकडं न बघता तो म्हणाला, "इसारलो." तेव्हापासून उभ्या भावकीत तो विसरभोळा ठरला. लग्नाकार्यात त्याची टिंगल व्हायची, "अण्णा, आज काय इसारलास?" तो हसायचा आणि मी, त्याची लाडकी बहीण, पदरानं तोंड पुसत गप्प बसायची. लाज वाटायची हो. माझ्यापायी माझीच पोर जाता जाता वाचली, हे कोणत्या तोंडानं सांगणार होते?

अण्णाचे दिवस झाल्यावर वहिनींनी कपाटातून तो पाना काढून दिला. म्हणाल्या, "दर खंडेनवमीला बाकीची हत्यारं पुजायचे, पर ह्यो तेवढा दिवसभर खिशात. इच्यारलं की म्हनायचे, इसारलो. तुमाला द्या म्हनले हुते."

यंदाच्या खंडेनवमीला लेक आली होती. तिला शेजारी बसवून सगळं सांगितलं. मग तिनं विळी, कात्री, सुरी पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. पाना मात्र उचलून माझ्या हातात दिला. दिवस मावळेपर्यंत मी तो मुठीत धरून बसले.