अँटिनावाले तात्या

त्या दिवशी रविवार व्हता. चारला पिच्चर लागनार व्हता अन् गावच्या सोसायटीच्या टीव्हीत नुसत्या मुंग्या. रातच्या वावटळीनं पत्र्यावरचा अँटिना पार फिरवून टाकला व्हता. आश्रुबा तात्या शिडी लावून वर चढले, पाइप जरा फिरवला अन् सवयीनं हाक मारली, "आलं का?"

खाली कुनीच नव्हतं.

मंग ते सोताच उतरले, पडदा बघितला. न्हाई आलं. पुन्ना चढले, पुन्ना फिरवला, पुन्ना उतरले. वैशाखातलं ऊन, पत्रा तव्यावानी तापलेला, अन् मानूस म्हातारा. किती बार चढले उतरले कुनाला ठावं, बघायलाच कुनी नव्हतं. तात्याची बायको केसरकाकू पान्याच्या टँकरवर गेलती. हंडा घिऊन वापस येताना तिला दिसलं, तात्या शिडीच्या बुडाशी बसल्यावानी पडलेले, डोकं भिताडाला टेकलेलं. तिनं भरला हंडा त्यांच्या तोंडावर वतला. सगळाच्या सगळा. त्या उन्हाळ्यात एवढं पानी कुनी कुनावर वततं व्हय? पन तात्यानं डोळे उघडले न्हाईत. हार्ट बंद पडलं मनले डाक्टर. दोन्ही तळहात पत्र्यानं भाजलेले व्हते.

तात्या सोसायटीचे वॉचमन. कडा गावाच्या अलीकडं आमचं गाव, सगळं उसाचं. चांगल्या सालात सोसायटीला नफा झाला तव्हा सभासदांनी ठरवून टीव्ही आनला, त्याला लाकडाचा कवाडवाला डबा केला अन् किल्ली तात्याकडं दिली. ती किल्ली तात्यानं करदोड्याला बांधली ती मरस्तोर सोडली न्हाई. काकू चिडवायची, "माझ्या गळ्यातली पोत दोनदा तुटली, पन तुमच्या सवतीची किल्ली काई पडंना!"

रोज दिवस कलला की तात्या सोसायटीच्या वट्ट्याम्होरच्या मैदानात सडा मारायचे, धुरळा उडू नी मनून. मंग डबा उघडायचे. आख्खं गाव यायचं. बुद्धवाड्यातली मालनबाई पैली येऊन पार म्होरं बसायची. एकदा कुनीतरी मागून कुरकुरलं, तर तात्या मनले, "टीव्ही बघनाराचा हाय. जो आधी यील तो म्होरं बसल. तुला म्होरं बसायचं तर उद्या बिगीनं ये."

वारं सुटलं की चित्र जायचं. मंग तात्या पत्र्यावर अन् खाली आख्खं मैदान वरडायचं.

"आलं का?"

"आलं आलं! ...गेलं! मागं घ्या तात्या, मागं!"

आसाराम न्हावी लई खवट. तो मनायचा, "तात्या, तसंच धरून हुबे ऱ्हावा. पिच्चर सपला की सांगतो!" अन् एकदा तात्या खरंच गानं सपस्तोर पाइप धरून हुबे ऱ्हायले. खाली बाया पदर तोंडाला लावून हासत व्हत्या. काकू बी.

मंग पाऊस गेला. ऊस जळाला, कारखान्याचं धुराडं गप झालं. तात्याचा पोरगा निवृत्ती कारखान्यात वायरमन व्हता, तो घरी बसला. बसून बसून काय करील? सोसायटीच्या चेअरमन सुंदररावाच्या माडीवर त्यानं डिशची छत्री बसवली अन् घरोघर केबलच्या तारा वढल्या. दिवसभर पिच्चर, दिवसभर गानी, अन् मुंगी औषदाला न्हाई.

"तात्या, तुमच्या सरकारी टीव्हीत दोनच परोगराम," निवृत्ती मनला. "एक शेती अन् दुसरा व्यत्यय."

"अन् मालनबाईनं कुठं बघायचं बे?" तात्या मनले. "सुंदररावाच्या उंबऱ्याबाहेर हुबं ऱ्हाऊन?"

"घ्यावं की तिनं बी कनेक्शन."

"तिच्या घरात लाइट तरी हाय का?"

 पन निवृत्तीनं तार काई सोडली न्हाई, अन् सोडून खावं काय? काकूला दोघांचं बी पटायचं. एकाला भाकर वाढायची अन् दुसऱ्याकडं बघायची. त्या दिवसापसून बापल्योक बोलंनात. "त्याला मनावं मीठ दे," असं काकूच्या तोंडून चालायचं.

मैदान मोकळं पडलं. एकटी मालनबाई यायची, ती बी रोजगार हमीच्या कामावर जायला लागली अन् रातच्याला दमून झोपायची. तरी तात्या सडा मारायचेच. काकू करवादली, "प्यायला न्हाई अन् धुरळ्याला पानी!" मंग तात्या आपल्या आंगुळीचं पानी तिथं शिंपायला लागले.

शेवटी सुंदरराव मनले, "आश्रुबा, या रविवारी मैदान भरलं तर टीव्ही ठिवू. न्हाई तर डबा उचलू, जागा लागती." तात्या घरोघर सांगून आले. लोक बी मनले, येतो येतो. चारला यायचे व्हते. तात्याला तेवढ्यात चित्र साफ करायचं व्हतं.

आले लोक. पिच्चरला न्हाई, मातीला आले. मैदान भरलं व्हतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सुंदररावाचा मानूस किल्ली मागायला आला. काकू उठली. पदराच्या गाठीत किल्ली व्हती, ती घिऊन तशीच सोसायटीकडं गेली. डबा उघडला, बटन दाबलं. मुंग्या.

मागून निवृत्ती आला. डोस्कं भादरलेलं, पायात चप्पल न्हाई. त्यानं शिडी उचलली, पत्र्याला लावली अन् वर चढला. पाइप करकर करत फिरला.

"आलं का?"

आवाज हुबेहूब बापाचा. काकूला चमकल्यावानी झालं. पडद्यावर मुंग्याच मुंग्या, चित्राचा कुठं पत्ता न्हाई.

"आलं का गं माय?"

"आलं रे बाबा, आलं," काकू मनली. "लई साफ आलं. तू उतर आता खाली."

अन् तो उतरस्तोर तिनं दोन्ही हातानं शिडी घट्ट धरून ठिवली.